फोटो काळा का पडतो? छापखान्याशी भांडण्याआधी जाळीचा हिशेब समजून घ्या

जाहिरातीशिवाय धंदा चालत नाही, हे आता खेड्यातल्या दुकानदारालाही सांगावे लागत नाही. रमजान ईद असो, दिवाळी असो, लग्नसराई असो की शाळा उघडण्याचे दिवस असोत, हँडबिल निघते, साप्ताहिकात चौकट जाते, थैलीवर दुकानाचे नाव आणि मालाचे चित्र छापले जाते. हा खर्च छोट्या व्यापाऱ्याच्या दृष्टीने लहान नसतो. पण माल छापून हातात आला की पुष्कळदा पहिला शब्द निघतो तो नाराजीचा. "फोटो काळा पडला." मग छापखानेवाला कागदाला दोष देतो, डीटीपीवाला फोटोला दोष देतो, आणि दुकानदार दोघांचे पैसे अडवून ठेवतो.

वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, आर्वी या आपल्या बाजारपेठांत असे वाद मी पुष्कळ पाहिले आहेत. कापडाच्या धंद्यात असल्यामुळे लवाद म्हणून बसण्याची वेळही आली आहे. त्यातून माझे एक मत पक्के झाले आहे. या भांडणांपैकी बहुतेक भांडणे बेइमानीची नसतात, मोजमाप न ठरवल्याची असतात. कापडाचा सौदा करताना आपण काउंट विचारतो, रीड-पीक विचारतो, पन्हा विचारतो. छपाईचा सौदा करताना मात्र फक्त दर विचारतो. छपाईलाही रीड-पीक आहे. ते विचारले पाहिजे, आणि छापखानेवाल्याने न विचारताही सांगितले पाहिजे.

यंत्राकडे करडा रंग नसतो

सगळ्यात आधी एक गोष्ट समजून घ्यावी. छापखान्याच्या यंत्रात काळी शाई टाकली तर कागदावर दोनच गोष्टी होऊ शकतात. शाई लागते किंवा लागत नाही. फिकी शाई, गडद शाई, अर्धी शाई असे काही यंत्राला करता येत नाही. मग फोटोतला गालाचा हलका करडा, केसांचा गडद करडा, कुर्त्याचा पांढुरका भाग हे सगळे येते कुठून?

ते ठिपक्यांतून येते. फोटोवर बारीक जाळी टाकून त्याचे ठिपके केले जातात. जिथे फोटो फिका तिथे ठिपका लहान, जिथे गडद तिथे ठिपका मोठा. शाई सगळ्या ठिपक्यांत तेवढीच काळी असते. लांबून पाहिले की डोळा ठिपका आणि मधला पांढरा कागद एकत्र करून करडा रंग पाहतो. याला हाफटोन म्हणतात.

आपल्या विणकर भावांना हे वेगळे समजावण्याची गरज नाही. काळा ताणा आणि पांढरा बाणा घालून साधे कापड विणले तर ते लांबून करडे दिसते. त्यात करडे सूत एकही नसते. जॅकार्डच्या मागावर तर हीच विद्या फार वर गेली होती. १८३९ साली फ्रान्समधील लिओं शहरात खुद्द जॅकार्डचे चित्र काळ्या-पांढऱ्या रेशमात विणले गेले, आणि त्यासाठी सुमारे २४,००० पत्ते लागले होते. चेहऱ्यावरची प्रत्येक छटा ही धागा वर की खाली, एवढ्यावरच उभी होती. हाफटोनचा ठिपका म्हणजे हीच गोष्ट शाईत.

ही विद्या कापडातूनच निघाली

आपल्या व्यापारातील लोकांना अभिमान वाटावा अशी एक बाब आहे. फोटोचे ठिपके करण्याची पहिली कल्पना कापडातूनच आली. इंग्लंडच्या फॉक्स टॅल्बट यांनी १८५२ साली जे पेटंट घेतले, त्यात फोटोची छटा तोडण्यासाठी जाळीदार कापड, म्हणजे गॉज, वापरण्याची युक्ती होती. पुढे ४ मार्च १८८० रोजी न्यूयॉर्कच्या 'डेली ग्राफिक' या पत्रात हाफटोनने फोटो छापला गेला. १८८२ साली जर्मनीत माइझेनबाख यांनी पेटंट घेतले, आणि त्यानंतर काचेवर रेघा कोरलेली जाळी आली. कापडाची जागा काचेने घेतली, काचेची जागा नंतर फिल्मने, आणि आता संगणकाने. पण नाव जाळीचे, स्क्रीनचेच राहिले.

आपल्या देशातही या कामाला मोठी माणसे लागलेली होती. कलकत्त्याचे उपेंद्रकिशोर रायचौधरी यांनी हाफटोनच्या जाळीवर स्वतः प्रयोग केले, आणि त्यांचे लेख इंग्लंडच्या 'पेनरोज' वार्षिकात छापून आले. महाराष्ट्रात दादासाहेब फाळके यांना आपण चित्रपटाचे जनक म्हणून ओळखतो. पण १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'पूर्वी ते छपाईच्या कामात होते. लोणावळ्याला त्यांनी ब्लॉक कोरण्याचा आणि छपाईचा कारखाना काढला होता, आणि १९०९ साली छपाईची नवी यंत्रे पाहण्या-घेण्यासाठी ते जर्मनीला गेले होते. म्हणजे ज्या कामाला आज आपण "डीटीपीवाल्या पोराचे काम" म्हणून बाजूला सारतो, ते काम शिकायला फाळके समुद्र ओलांडून गेले होते.

जाळी किती बारीक?

आता मुद्द्यावर येऊ. एका इंचात ठिपक्यांच्या किती ओळी बसतात, तिला जाळीची लाइन म्हणतात. ८५ लाइन म्हणजे एका इंचात ८५ ओळी. कापडाच्या भाषेत सांगायचे तर हीच छपाईची पीक.

आपल्याला वाटते की कापड जितके बारीक तितके चांगले, तशी जाळी जितकी बारीक तितका फोटो चांगला. इथेच पहिली फसगत होते. जाळी कागदाला झेपली पाहिजे. वर्तमानपत्राचा न्यूजप्रिंट कागद शाई पितो. त्यावर ८५ ते १०० लाइन ठीक. हँडबिलाचा मॅपलिथो कागद असेल तर साधारण १०० ते १३३. गुळगुळीत आर्ट पेपरवर १५० ते १७५ लाइन चालते. जुन्या खिळ्यांच्या छपाईत जस्ताच्या ब्लॉकवर वर्तमानपत्रासाठी ५५ ते ६५ लाइनचीच जाळी असायची, म्हणून जुन्या अंकातले ठिपके नुसत्या डोळ्यांनीही दिसतात.

न्यूजप्रिंटवर १५० लाइन टाकली तर काय होते? शाई ठिपक्याच्या काठाने फुटते. सुती कापडावर ठसा मारताना रंग फुटतो, तसेच हे. काठ किती फुटेल ते कागद आणि शाई ठरवतात, ठिपक्याच्या आकाराने त्यात फरक पडत नाही. ठिपके बारीक आणि पुष्कळ असले की काठही पुष्कळ होतात, आणि सगळे काठ फुटले की मधली पांढरी जागा बुजते. फोटो काळा पडण्याचे सर्वांत मोठे कारण हेच. न्यूजप्रिंटवर ५० टक्क्यांचा ठिपका छापून झाल्यावर ७५ टक्क्यांच्या आसपास दिसतो. आर्ट पेपरवर तोच ६५-७० पर्यंत जातो. म्हणजे संगणकाच्या पडद्यावर जो गाल मध्यम करडा दिसला, तो वर्तमानपत्रात कोळशासारखा येणारच. यात कोणी चोरी केलेली नसते. ज्याला हे माहीत आहे तो मधल्या छटा आधीच उजळ करून ठेवतो. ज्याला माहीत नाही तो पडदा पाहून समाधान मानतो.

रिझोल्युशनचा हिशेब

दुसरी फसगत प्रिंटरच्या आकड्याची. छोट्या गावातल्या पुष्कळ छापखान्यांत लेझर प्रिंटरवर ट्रेसिंग पेपर काढून त्यावरून प्लेट करतात. प्रिंटर ६०० डीपीआयचा आहे असे अभिमानाने सांगितले जाते. डीपीआय म्हणजे यंत्र एका इंचात किती सूक्ष्म टिंबे टाकू शकते तो आकडा. जाळीची लाइन वेगळी आणि डीपीआय वेगळा. या दोन आकड्यांचा गोंधळ हेच निम्म्या भांडणांचे मूळ आहे.

जॅकार्डचा नक्शा काढणारा कारागीर चौकटीच्या कागदावर काम करतो. तसाच कागद डोळ्यांपुढे आणा. हाफटोनचा एक ठिपका म्हणजे अशा लहान चौकटींचा एक मोठा चौकोन. डीपीआयला लाइनने भागले की त्या चौकोनाच्या एका बाजूला किती चौकटी आहेत ते कळते. ३०० डीपीआय आणि ६० लाइन असेल तर बाजूला ५ चौकटी, म्हणजे चौकोनात २५. त्यातली एकही भरली नाही तर पांढरा, सगळ्या भरल्या तर काळा, आणि मधल्या धरून एकूण २६ छटा. नियम असा की डीपीआयला लाइनने भागा, आलेल्या आकड्याचा वर्ग करा, त्यात १ मिळवा.

आता ६०० डीपीआयच्या प्रिंटरवर हा हिशेब लावून पाहा. ७५ लाइनला ६५ छटा मिळतात. १०० लाइनला ३७. १३३ लाइनला फक्त २१. आणि कोणी हट्टाने १५० लाइन लावली तर १७! माणसाच्या चेहऱ्यावर १७ छटा म्हणजे नकाशावरच्या पट्ट्या. कपाळावर एक पट्टा, गालावर दुसरा, हनुवटीखाली तिसरा. दुकानदार म्हणतो, "बारीक जाळी लावा, पैसे देतो." पण प्रिंटरची ताकद नसताना बारीक जाळी लावली की छटा कमी होतात आणि फोटो आणखी बिघडतो. १५० लाइनवर २५० च्या वर छटा हव्या असतील तर २४०० डीपीआयचे यंत्र लागते. म्हणून मोठे छापखाने फिल्म किंवा थेट प्लेट काढणारी यंत्रे वापरतात. आपले काम महत्त्वाचे असेल तर प्लेट अशा यंत्रावरून काढून आणावी. तेवढा खर्च नको असेल तर ६०० डीपीआयवर ७५ ते ८५ लाइनच्या वर जाऊ नये. जाडसर ठिपका दिसेल, पण माणूस माणसासारखा दिसेल.

फोटोत जीव किती?

तिसरा आकडा फोटोचा स्वतःचा. ज्या मापात फोटो छापायचा त्या मापात एका इंचाला जाळीच्या दीडपट ते दुप्पट पिक्सेल हवेत. ८५ लाइनला साधारण १३० ते १७०. १५० लाइनला ३००. चार इंच रुंद फोटो वर्तमानपत्रात छापायचा असेल तर ५१० ते ६८० पिक्सेल रुंदी पुरते. तोच आर्ट पेपरवर १५० लाइनने छापायचा तर १,२०० हवी.

इथे लक्षात घ्या की वर्तमानपत्रासाठी फार मोठी फाइल लागत नाही, पण मिळते ती फाइल तेवढीही नसते. फोटो व्हॉट्सॲपवर एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला पाठवलेला असतो, कुणीतरी त्याचा स्क्रीनशॉट काढलेला असतो, मग त्यातला एक चेहरा कापून मोठा केलेला असतो. ३०० पिक्सेलचा चेहरा चार इंचांवर ताणला तर इंचाला ७५ पिक्सेल उरतात. सूत न वाढवता पन्हा वाढवला तर कापड झिरझिरीत होणार, तसेच हे. संगणकात आकडा बदलून ३०० केला तरी नवा तपशील जन्माला येत नाही. फोटो पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून मूळ फाइल पाठवावी, किंवा पेन ड्राइव्हवर नेऊन द्यावी.

ही बाब फक्त दुकानाच्या जाहिरातीची नाही. आपल्या साप्ताहिकांत इंतकालच्या बातम्या येतात, हरवलेल्या मुलाचा फोटो येतो. मयताचा चेहरा ओळखू येत नाही तेव्हा घरच्यांना किती वाईट वाटते ते सर्वांना ठाऊक आहे. हरवलेल्या मुलाच्या बाबतीत तर फोटो ओळखू येण्यावरच सगळे अवलंबून असते. म्हणून घरातल्या प्रत्येक माणसाचा एक चांगला, उजेडात काढलेला मूळ फोटो जपून ठेवावा, असा माझा सल्ला आहे.

काळ्यावर काळे, पांढऱ्यावर पांढरे

आपल्या मालाचे दोन प्रकार छपाईला सर्वांत अवघड. एक, काळ्या बुरख्याच्या कापडावरची काळी कशिदाकारी. दोन, पांढऱ्या कुर्त्यावरचे पांढरे चिकनचे काम. पहिल्यात सगळे ठिपके एकमेकांत मिसळून नुसता काळा डाग उरतो. दुसऱ्यात ठिपके इतके बारीक होतात की ते छापलेच जात नाहीत आणि कुर्त्याच्या जागी कोरा कागद दिसतो. न्यूजप्रिंटवर छापताना सर्वांत गडद भाग ८५-९० टक्क्यांच्या पुढे जाऊ देऊ नये, आणि ज्या पांढऱ्या भागात काम दाखवायचे तिथे निदान ३ ते ५ टक्के ठिपका ठेवावा. फोटो काढताना उजेड समोरून न देता बाजूने द्यावा, म्हणजे धाग्याची उठावदार सावली पडते आणि नक्षी दिसते.

तिसरी अडचण चौकड्याच्या आणि बारीक पट्ट्याच्या कापडाची. कापडाच्या रेघा आणि जाळीच्या ओळी एकमेकांवर आल्या की पाण्यासारख्या लाटा दिसतात. छापखान्यात याला मॉयरे म्हणतात. हा शब्दही आपल्याच धंद्याचा. लाटांची चमक असलेल्या कापडाला फ्रेंचमध्ये मॉयरे म्हणत, तो शब्द मोहेरवरून आला, आणि मोहेर हा अरबी 'मुखय्यर', म्हणजे निवडक, यावरून आला असे भाषातज्ज्ञ मानतात. छापलेल्या कॅटलॉगमधला फोटो स्कॅन करून पुन्हा छापला तरी याच लाटा येतात, कारण एका जाळीवर दुसरी जाळी बसते. तेव्हा मिलच्या कॅटलॉगवरून फोटो उचलण्याऐवजी मिलकडून मूळ फोटो मागवावा. एका रंगाच्या छपाईत जाळी ४५ अंशांत तिरपी ठेवतात, कारण उभ्या-आडव्या ओळी डोळ्याला लगेच खुपतात आणि तिरप्या खुपत नाहीत.

अक्षराला जाळी लावू नका

उर्दू शाळेत शिकलेल्या माझ्या पिढीने कातिबच्या हातची किताबत पाहिली आहे. कातिबच्या लिखाणात करडा रंग नसतो. रेघ असते किंवा नसते. म्हणून लिथोच्या दगडावरही नुक्ता स्वच्छ उमटायचा. १९८१ साली लाहोरचे 'जंग' हे दैनिक नूरी नस्तालिकमध्ये संगणकावर निघू लागले तेव्हाही अक्षराची कड धारदारच राहिली.

आज मात्र काही ठिकाणी संपूर्ण मजकूर फोटोसारखा स्कॅन करून, फोटोसारखीच जाळी लावून छापतात. मग अक्षराची कड ठिपक्यांनी खाल्ली जाते. उर्दूत एक नुक्ता गेला की 'बे' कुठला आणि 'नून' कुठला ते कळत नाही. मराठीत अनुस्वार गेला की शब्द फिरतो. नियम सोपा आहे. फोटोला जाळी, अक्षराला नाही. मजकूर संगणकावर अक्षर म्हणूनच ठेवावा. हाताने लिहिलेले काही छापायचे असेल तर ते शुद्ध काळे-पांढरे म्हणून ६०० ते १,२०० डीपीआयवर स्कॅन करावे.

झेरॉक्सच्या यंत्रातही मजकूर आणि फोटो यांसाठी वेगळी बटणे असतात, पण ती क्वचितच कोणी वापरतो. ओळखपत्राची झेरॉक्स काढताना फोटोचे बटण दाबले तर चेहरा दिसतो. झेरॉक्सवरून झेरॉक्स काढली तर तो प्रत्येक वेळी आणखी काळा होतो.

स्क्रीन प्रिंटिंगवाल्या कारागिरांसाठी

मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्रात प्लास्टिक थैल्यांवर बंदी आली. तेव्हापासून कापडी आणि कागदी थैलीवर छापणाऱ्या कारागिरांकडे फोटोची मागणीही येते. कापडावर ३५ ते ४५ लाइनच्या पुढे जाण्याचा मोह धरू नये. जाळीच्या कापडाची मेश लाइनच्या निदान चार-पाचपट असावी. ४० लाइनला १६० ते २०० मेश. मेश त्याहून जाड असेल तर बारीक ठिपका धाग्यावर टिकत नाही, आणि मेशचे धागे व ठिपके जुळून तिथेही लाटा येतात. लाटा आल्या तर फिल्म थोडी तिरपी फिरवून पाहावी.

सेवाग्रामचे उदाहरण

या विषयात आपल्या जिल्ह्याचाच एक धडा आहे. सेवाग्राम आश्रमात गांधीजींचे फोटो काढण्याची परवानगी त्यांचे नातलग कनू गांधी यांना मिळाली ती तीन अटींवर. फ्लॅश वापरायचा नाही, गांधीजींना पोज द्यायला सांगायचे नाही, आणि आश्रम पैसे देणार नाही. घनश्यामदास बिर्ला यांनी दिलेल्या शंभर रुपयांतून त्यांनी कॅमेरा आणि रोल घेतला. झोपडीच्या खिडकीतून येईल तेवढ्या उजेडात काढलेले ते फोटो आहेत. त्यांची सारी किंमत करड्या छटांमध्ये आहे. त्या काळच्या वर्तमानपत्राच्या जाड जाळीत अशा छटा पुरत्या उतरणे शक्यच नव्हते. २०१५ साली दिल्लीच्या नजर फाउंडेशनने ते 'कनूज गांधी' या पुस्तकात छापले. मूळ फोटो जपून ठेवला तर पुढच्या पिढीला तो चांगल्या जाळीने पुन्हा छापता येतो. मूळ फेकून फक्त छापील कात्रण ठेवले, तर जे ठिपक्यांत गेले ते कायमचे गेले.

भांडण कसे टळेल

एक उदाहरण सांगतो. ईदच्या आधी एका दुकानदाराने ड्रेस मटेरियलची पाच हजार हँडबिले छापून घेतली. कापड काळे ठिक्कर आले. त्याने बिल दिले नाही. छापखान्याच्या मालकाने कारागिराचा पगार अडवला. मला बसवले गेले. मी आमचे धागे मोजायचे भिंग काढून त्या हँडबिलावर ठेवले आणि तिरप्या ओळीत ठिपके मोजले. जाळी दीडशेच्या घरात होती, कागद हलका, आणि प्लेट ६०० डीपीआयच्या लेझरवरून काढलेली. दुकानदाराने "एकदम बारीक छापा" असे सांगितले होते, आणि छापखानेवाल्याने "आमच्याकडे ते होणार नाही" हे सांगितले नव्हते. फोटोही मोबाइलवर फिरून आलेला होता. तिघांनी मिळून केलेली चूक, पण शिक्षा झाली ती कारागिराला, ज्याला कोणी काही विचारलेच नव्हते.

कोणी म्हणेल, आता सगळे रंगीत झाले, मोबाइलवर गेले, काळ्या-पांढऱ्याचा हा हिशेब कशाला? त्याला दोन उत्तरे आहेत. एका रंगाची छपाई आजही सर्वांत स्वस्त आहे, आणि छोट्या दुकानदाराला तीच परवडते. दुसरे असे की रंगीत फोटो म्हणजे याच हाफटोनच्या चार जाळ्या एकावर एक. ज्याला एक जाळी सांभाळता येत नाही त्याला चार कशा सांभाळता येतील?

म्हणून माझ्या सूचना अशा आहेत.

छापखानेवाल्या भावांनी स्वतःच्या यंत्रावर, आपण वापरतो त्या प्रत्येक कागदावर, ५ टक्क्यांपासून १०० टक्क्यांपर्यंत करड्या पट्ट्यांचा एक नमुना छापून टेबलावर ठेवावा. कापडाच्या दुकानात शेडकार्ड असते, तसे हे छापखान्याचे शेडकार्ड. गिऱ्हाइकाला ते दाखवून सांगावे की आमच्याकडे एवढेच येते. मालाचा ऐब सांगून माल विकावा हा आपल्या तिजारतीचा जुना उसूल आहे. तो छपाईलाही लागू आहे.

ऑर्डरच्या चिठ्ठीवर चार गोष्टी लिहाव्यात. कागद कोणता, जाळी किती लाइन, फोटो छापून किती इंचांचा होणार, आणि प्रूफ कोणी पाहून सही केली. प्रूफ त्याच कागदावर पाहावे. संगणकाच्या पडद्यावर पाहून दिलेली मंजुरी ही मंजुरी समजू नये.

व्यापारी बांधवांनी मूळ फोटो द्यावा, घाईच्या दोन दिवस आधी द्यावा, आणि चिठ्ठीप्रमाणे काम झाले असेल तर मेहनताना अडवू नये. चिठ्ठीप्रमाणे झाले नसेल तर खुशाल जाब विचारावा. भिंग तर आपल्या गल्ल्यात पडलेलेच असते.

आणि आपल्या मुलांबद्दल. डीटीपीच्या कामात आपली किती तरी मुले आहेत. सॉफ्टवेअरची बटणे त्यांना तोंडपाठ असतात, पण जाळीच्या चौकटीत कोणता आकडा का घालायचा हे कोणी शिकवलेले नसते. म्हणून मशीन जो आकडा देते तो ते तसाच ठेवतात. मुंबईत शासकीय मुद्रण तंत्र संस्था आहे. ज्याला शक्य आहे त्याने तिथे मुलाला पाठवावे. ज्याला शक्य नाही त्याने गावातल्या जुन्या ब्लॉकमेकरकडे किंवा प्लेटमेकरकडे मुलाला बसवावे. हे लोक आता थोडेच उरले आहेत, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे हुनरही जाणार आहे. बटण दाबणारा माणूस बदलता येतो. बटण दाबल्यावर कागदावर काय होईल हे आधी सांगू शकणाऱ्या माणसाला गिऱ्हाईक शोधत येते.